खाणीचं काम कंत्राटावर देताना मोजपट्टी कुणाच्या हातात?

सुरुंगाचं भोक १० मीटर खोल हवं होतं आणि ड्रिलवाल्या कंत्राटदाराच्या शीटवर १० मीटरच लिहिलेलं होतं. भोकात स्फोटाची दारू भरण्याआधी आमच्या सर्व्हेच्या मुलाने टोकाला वजन बांधलेली टेप आत सोडली, ती ८.७० वर टेकली. शेजारचं भोक ९.१०, त्याच्या पलीकडचं पुन्हा ८.७०. लबाडी कुणी केली नव्हती. भोक पूर्ण पाडलं होतं, पण रॉड वर ओढल्यावर तोंडाशी साठलेला चुरा परत आत ढासळला होता. कंत्राट मीटरवर होतं, त्याने मीटर पाडले होते, त्याचं बिल बरोबर होतं. त्या भोकांवर तसाच स्फोट घेतला असता तर बेंचच्या (खाणीतल्या पायरीच्या) तळाशी न फुटलेला कातळ उभा राहिला असता. मग एक्सकेव्हेटरचे दात त्यावर झिजले असते, आणि एक्सकेव्हेटर दुसऱ्याच कंत्राटदाराचा असल्याने त्याने खोळंब्याचं बिल आमच्याच नावावर फाडलं असतं.

खाणीतली कंत्राटं म्हणजे काय, हे मला त्या टेपने शिकवलं. तुम्ही खाणीच्या नियोजनात, कंत्राट विभागात किंवा हिशेबात नव्याने आला असाल आणि ‘हे काम बाहेर देऊन टाका’ असं कुणी सांगितलं असेल, तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत. काम कुणीही करो, मोजणारा माणूस आणि काम थांबवण्याचा अधिकार आपल्याकडेच राहिला पाहिजे, हा माझा आग्रह या सगळ्या पायऱ्यांत तुम्हाला दिसेल.

पायरी १: काय द्यायचं आणि काय नाही, ते आधी कागदावर मांडा

खाणीतलं जवळजवळ प्रत्येक काम कुठे ना कुठे कंत्राटावर दिलेलं आढळतं. शोध ड्रिलिंग, वरचा मातीचा थर काढणं, सुरुंग आणि स्फोट, लोडिंग-वाहतूक, क्रशर, पंप, टायरची देखभाल, नमुन्यांची प्रयोगशाळा, कॅम्प, पहारा, सगळं बाहेर जातं. काही ठिकाणी तर अख्खी खाणच एखादा कंत्राटदार चालवतो. त्यामुळे ‘देता येईल का?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असंच येतं आणि नवा माणूस तिथेच फसतो. विचारायचं ते असं: हे काम किती काळ लागणार आहे? त्याला लागणारी यंत्रं आपल्याकडे वर्षभर राबतील का? हे कौशल्य आपल्याला रोज लागतं की क्वचित? आणि हे काम बिघडलं तर किती तासांत कळेल?

थोड्या काळाचं, भारी यंत्रांचं किंवा दुर्मीळ कौशल्याचं काम बाहेर देण्यात शहाणपण आहे. चिलीच्या सान होसे या तांब्या-सोन्याच्या खाणीत ५ ऑगस्ट २०१० रोजी ३३ जण अडकले, तेव्हा सुटकेसाठी तीन वेगवेगळ्या यंत्रांनी एकाच वेळी तीन भोकं पाडायला घेतली होती. त्यातलं दुसरं यंत्र, बाहेरून आलेल्या ड्रिलिंगवाल्यांचं टी-१३०, ९ ऑक्टोबरला सगळ्यांच्या आधी खाली पोहोचलं आणि ६९ दिवसांनी माणसं वर आली. अशी यंत्रं आणि ती चालवणारे हात कोणतीही खाण स्वतःच्या पटावर कायम ठेवत नाही, ठेवूही शकत नाही.

शेवटच्या प्रश्नाकडे मात्र नीट पाहा. पंप बंद पडला तर तासाभरात कळतं. छताचा आधार कच्चा दिला, हवा खेळती ठेवण्यात चूक झाली, धातुकाची, म्हणजे धातू असलेल्या दगडाची, प्रत चुकीची ठरवली किंवा टेलिंग्जच्या (धातू काढून उरलेल्या गाळाच्या) बांधात पाणी साचू लागलं, तर ते महिनोन्‌महिने कळत नाही आणि कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. अशा कामांचे हातपाय बाहेरचे असले तरी डोकं आपलंच हवं. धातुकाचं मॉडेल, प्रत ठरवणारा भूगर्भतज्ज्ञ, कातळाच्या स्थैर्यावर नजर ठेवणारा अभियंता आणि सर्व्हेअर ही माणसं मी कधीच बाहेर देणार नाही. पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवा.

ब्राझीलमध्ये ब्रुमाडिन्यो इथला टेलिंग्जचा बांध २५ जानेवारी २०१९ रोजी फुटला. २७० माणसं गेली. काही महिन्यांपूर्वीच बाहेरच्या सल्लागारांनी तो बांध स्थिर असल्याचा दाखला दिलेला होता. त्यानंतर ऑगस्ट २०२० मध्ये टेलिंग्जसाठी जागतिक मानक आलं. त्यात बांधाची जबाबदारी कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या नावावर असावी, तो थेट मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला उत्तरदायी असावा आणि ही जबाबदारी त्याला दुसऱ्यावर सोपवता येऊ नये, असं लिहिलेलं आहे. सल्लागार जरूर घ्या, पण त्याचा अहवाल वाचून ‘हे मला पटत नाही’ म्हणू शकेल असा माणूस पगारावर असू द्या.

पायरी २: दर ताडून पाहताना आपला खर्च लपवू नका

कंत्राटदाराचा दर आणि स्वतः केलं तर येणारा खर्च शेजारी मांडताना नेहमी एक रकाना राहून जातो, तो देखरेखीचा. कंत्राट दिलं की मोजणीचे, बिल तपासण्याचे, सुरक्षेचे आणि दोन कंत्राटदारांमधला मेळ घालण्याचे लोक लागतात. त्यांचा पगार कंत्राटाच्या खर्चात धरा. हा रकाना भरल्यावरही कंत्राट स्वस्त पडत असेल तर पुढे जा.

पायरी ३: एकक ठरवा (इथे घाई अजिबात नको)

निम्मी भांडणं इथे जन्माला येतात, म्हणून या पायरीवर मी रेंगाळणार आहे.

जमिनीत घट्ट बसलेला एक घनमीटर कातळ फोडला की फुगतो. फुगून तो १.३ ते १.६ घनमीटर जागा व्यापतो; किती ते कातळावर आणि तो कसा फुटला त्यावर अवलंबून. घट्ट मापाला खाणीत बीसीएम (बँक क्युबिक मीटर) म्हणतात. आता समजा डंपरच्या हौद्यात ३५ घनमीटर सुटा माल मावतो आणि कंत्राटात फुगवटा १.४ धरलाय. म्हणजे एका खेपेला २५ बीसीएम, हजार खेपांना २५,००० बीसीएम. प्रत्यक्षात फुगवटा १.५ निघाला तर त्याच हजार खेपांत माल जातो २३,३३३ बीसीएम. न खोदलेल्या १,६६७ घनमीटरचे पैसे तुम्ही दिलेत, आणि ते सुद्धा प्रत्येक डंपर काठोकाठ भरला होता असं गृहीत धरून. पावसाळी चिखल हौद्याच्या तळाला चिकटून तसाच परत येतो, त्याचा हिशेब वेगळाच.

म्हणून खेपा मोजून बिल काढू नका. खेपा रोजच्या अंदाजासाठी ठेवा. बिल काढा ते महिनाअखेरीला झालेल्या सर्व्हेवर, खड्ड्याचा आधीचा आणि नंतरचा आकार मोजून. धातुक किंवा कोळसा टनावर द्यायचा असेल तर वजनकाटा वापरा, पण काटा आपला, त्याची तपासणी ठरलेल्या तारखेला आणि रिकाम्या गाडीचं वजनही अधूनमधून पुन्हा घ्यायचं. ओलाव्याचं काय, हेही आधीच लिहा. ओल्या मालात पाणीसुद्धा टनांत मोजलं जातं.

वाहतुकीच्या दरात लीड (वाहून नेण्याचं अंतर) आणि लिफ्ट (चढवण्याची उंची) वेगळे दाखवा. खड्डा खोल होत जातो, डंप, म्हणजे टाकाऊ मालाचा ढीग, उंच होत जातो, पहिल्या वर्षी दीड किलोमीटरची फेरी तिसऱ्या वर्षी तीन किलोमीटरची होते. एकच सपाट दर घेतला तर सुरुवातीला तुम्ही जास्त देता आणि शेवटी कंत्राटदार बुडायला लागतो. बुडणारा कंत्राटदार आधी देखभालीत हात आखडता घेतो, मग टायर झिजेपर्यंत चालवतो, मग माणसांचे पगार लांबवतो.

प्रत्येक एकक काम करणाऱ्याला एका दिशेला ओढतं. दर ठरवण्याआधी स्वतःला त्याच्या जागी बसवून बघा. ड्रिलिंग मीटरवर दिलं तर मीटर वाढतील आणि भोकं कुठे, कशी पडली याची फिकीर कमी होईल. तोडगा म्हणून पैसे द्या ते दारू भरण्याच्या वेळी टेपने मोजलेल्या खोलीचे. शोध ड्रिलिंगमध्ये घाईने पाडलेल्या भोकातून कोर (नमुना म्हणून काढलेला कातळाचा दंडगोल) तुटून, धुऊन निघतो, आणि हवा होता तो कोरच हाती राहत नाही. तिथे दर मीटरचाच ठेवा, पण कोर किती टक्के मिळाला पाहिजे ती अट घाला आणि त्याखाली गेल्यास त्या लांबीचे पैसे नाहीत असं लिहा. वाहतूक टनावर दिली तर डंपर जास्त भरले जातील. मोठ्या डंपरांसाठी १०-१०-२० हा नियम बऱ्याच ठिकाणी पाळतात: सरासरी भार ठरलेल्या क्षमतेच्या वर जाऊ नये, १० टक्क्यांहून अधिक खेपा क्षमतेच्या ११० टक्क्यांवर जाऊ नयेत, आणि १२० टक्क्यांवर एकही नको. तो कंत्राटात जसाच्या तसा घाला आणि त्याहून जास्त भरलेल्या टनांचे पैसे देऊ नका. ब्रेक आणि टायर त्याचे असले तरी उतारावर समोरून येणारी जीप तुमची असते.

पायरी ४: कंत्राटदार निवडताना त्याच्या वर्कशॉपमध्ये जा

निविदेची कागदपत्रं सगळ्यांचीच चांगली असतात. त्याचं सध्या जिथे काम चालू आहे तिथे एक दिवस घालवा. वर्कशॉपच्या मागे उभी असलेली बंद यंत्रं मोजा. हजेरीपत्रक मागा आणि किती ऑपरेटर वर्षाहून जास्त टिकलेत ते बघा. शिफ्ट बदलताना उभे राहा: जाणारा ऑपरेटर येणाऱ्याला यंत्राबद्दल काही सांगतो की नुसती किल्ली देऊन निघून जातो, यावरून त्या कंपनीबद्दल खूप कळतं.

दुखापतींचा आकडा मागाल तेव्हा त्यामागचे तासही मागा. हा आकडा साधारणपणे दर दहा लाख कामाच्या तासांमागे देतात. चार लाख तासांत तीन दुखापती म्हणजे ७.५. पण त्यात पोटकंत्राटदारांची माणसं धरलीत का? ती धरल्यावर पाच लाख तास आणि सहा दुखापती निघाल्या तर आकडा १२ होतो. फार कमी आकडा दाखवणाऱ्याबद्दल मला जास्त शंका येते. किरकोळ दुखापती नोंदवणारी माणसं निदान नोंदवतात तरी.

पायरी ५: करारात या गोष्टी नसतील तर सही करू नका

यंत्रं आणण्याचा आणि शेवटी हलवण्याचा खर्च वेगळा दाखवलेला हवा, तो दरात मिसळला की कंत्राट मध्येच थांबवताना हिशेब लागत नाही. डिझेलच्या भावानुसार दर वर-खाली होण्याचं सूत्र हवं, दोन्ही दिशांनी. कातळ अपेक्षेपेक्षा कठीण लागला तर काय, हे हवं. आणि ‘अपेक्षा’ कोणती ते ठरवण्यासाठी निविदेच्या वेळी दिलेली भूगर्भाची माहिती करारालाच जोडलेली हवी. माहिती लपवून स्वस्त दर मिळवला तर तो पुढे दाव्यांच्या रूपाने वसूल होतोच.

खोळंब्याचा दर नीट लिहा. स्फोटासाठी भाग रिकामा करायचा म्हणून डंपर थांबले, तर ते कुणाच्या खात्यावर? पावसाने थांबले तर? दुसऱ्या कंत्राटदाराचं यंत्र रस्त्यात बंद पडलं तर? आणि रस्ता! वाहतुकीचा रस्ता कोण राखणार, हे लिहायचं राहून गेलेली कंत्राटं मी एकाहून जास्त वेळा पाहिली आहेत. खड्डे पडले की फेऱ्या मंदावतात, टायर फाटतात, चालकांच्या कमरा जातात, आणि दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवत राहतात. रस्ता सपाट करणारा ग्रेडर कुणाचा, पाण्याचा टँकर कुणाचा, उतार किती टक्के, कडेचा मातीचा बांध किती उंच, सगळं लिहा. तो बांध निदान सर्वांत मोठ्या डंपरच्या चाकाच्या निम्म्या उंचीइतका असावा, हा बऱ्याच ठिकाणी रूढ असलेला संकेत आहे.

पोटकंत्राटाला लेखी परवानगी लागेल अशी अट घाला. तुमच्या ओळखीच्या कंत्राटदाराने काम दुसऱ्याला, त्याने तिसऱ्याला दिलं, की जो माणूस प्रत्यक्ष सुरुंगाजवळ उभा आहे त्याचं नाव तुमच्या कुठल्याच वहीत नसतं.

पायरी ६: माणसं सगळी आपलीच धरा

न्यूझीलंडच्या पाइक रिव्हर कोळसा खाणीत १९ नोव्हेंबर २०१० रोजी मिथेनचा स्फोट झाला. २९ जण गेले. त्यातले १६ कंपनीचे कर्मचारी होते आणि १३ कंत्राटी. मिथेनने कुणाचा मस्टर विचारला नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा खाण सुरक्षेचा १७६ क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार (कन्व्हेन्शन) १९९५ चा आहे. त्याच्या १२ व्या कलमात म्हटलं आहे की एका खाणीत कामगार नेमणारे एकाहून जास्त मालक काम करत असतील, तर खाणीचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याने सुरक्षेच्या सगळ्या उपायांचा मेळ घालायचा, आणि कामाच्या सुरक्षिततेची प्राथमिक जबाबदारी त्याचीच. तेरावं कलम कामगाराला धोका वाटेल तिथून बाजूला होण्याचा हक्क देतं. करार कितीही हुशारीने लिहिलात तरी यातून सुटका नाही, आणि ती शोधूही नये.

रोजच्या व्यवहारात याचा अर्थ असा की खाणीत जाणाऱ्या-येणाऱ्यांचा टॅग बोर्ड (आत कोण आहे ते दाखवणारा बिल्ल्यांचा फलक) एकच असावा. कंत्राटदाराचा वेगळा आणि आपला वेगळा नको, नाहीतर आणीबाणीच्या क्षणी ‘आत किती जण आहेत?’ या प्रश्नाला दोन उत्तरं येतात. पहिल्या दिवसाचं प्रशिक्षण, दिवे, स्वयंबचाव उपकरणं, धोक्याचा भोंगा, एकत्र जमण्याची जागा, सगळं सारखं हवं. शिफ्टआधीच्या बैठकीला दोन्हीकडची माणसं एकाच फलकासमोर उभी राहू द्या.

काम थांबवण्याचा अधिकार हा यातला सर्वांत नाजूक भाग. कागदावर तो प्रत्येकालाच दिलेला असतो. पण ज्याला खेपांवर पैसे मिळतात आणि ज्याचं कंत्राट महिन्याभराने संपणार आहे, तो चालक रस्त्याला तडा दिसला म्हणून खरंच थांबेल का? थांबल्यावर त्याची खेप बुडणार असेल तर नाही थांबणार, आणि त्यात त्याला दोष देता येणार नाही. म्हणून करारातच लिहा: सुरक्षेसाठी कामगाराने थांबवलेला वेळ खोळंब्याच्या दराने मोजला जाईल आणि ते पैसे त्या माणसाच्या पगारापर्यंत पोहोचतील. एकदा असं घडलेलं लोकांनी पाहिलं, की पुढच्या तड्याची बातमी वॉकीटॉकीवर लगेच येते.

पगार थकतोय का, तेही पाहत राहा. चिलीमध्ये २००७ पासून लागू असलेल्या पोटकंत्राटाच्या कायद्यात एक चांगली व्यवस्था आहे. कंत्राटदाराने कामगारांचे पगार आणि इतर देणी चुकवली नाहीत तर मुख्य कंपनीवरही ती जबाबदारी येते. कंपनीने मात्र देणी भागवल्याचे दाखले नियमित मागितले आणि थकबाकी दिसताच बिलातून रक्कम रोखून ती भागवली, तर तिच्यावरचा भार हलका होतो. तुमच्याकडे कायदा काहीही असो, हे कलम करारात घालायला कुणाची हरकत नसते: मागच्या महिन्याच्या पगाराचा दाखला आल्याशिवाय या महिन्याचं बिल पुढे सरकणार नाही.

पायरी ७: मोजणी दोघांनी मिळून, वाद त्याच आठवड्यात

महिनाअखेरीच्या मोजणीला दोन्हीकडचे सर्व्हेअर एकत्र जातात, आकडे एकाच वहीत उतरतात, सह्या जागेवरच होतात. फरक पडला तर तो त्याच आठवड्यात सोडवा. सहा महिन्यांनी कुणालाच तो खड्डा आठवत नाही, कारण तो खड्डा तसा राहिलेलाच नसतो.

रोजची डायरी लिहा. कुठलं यंत्र किती वाजता का थांबलं, पाऊस किती झाला, स्फोट किती वाजता घेतला, एवढ्या चार ओळी पुरतात. पुढे दावा आला तर हीच वही बोलते. आणि कंत्राटदाराच्या फोरमनशी रोज बोला, तक्रार नसतानाही. बेंचवरची अर्ध्याहून अधिक खरी माहिती मला अशा गप्पांतूनच मिळाली आहे.

पायरी ८: शेवट पहिल्याच दिवशी लिहून ठेवा

कंत्राट एक ना एक दिवस संपतं, कधी मुदतीने, कधी भांडणाने, कधी कंत्राटदाराचं दिवाळं निघून. त्या दिवशी पंप बंद पडता कामा नयेत. यंत्रं ठरलेल्या किमतीला विकत किंवा भाड्याने घेण्याचा पर्याय आपल्याकडे असावा, निदान पाणी उपसण्याच्या आणि हवा खेळवण्याच्या यंत्रांपुरता तरी. अनुभवी ऑपरेटरांना नव्या कंत्राटदाराकडे किंवा आपल्याकडे येण्यापासून अडवणारी अट करारात नसावी.

आणि नोंदी. ड्रिलिंगच्या नोंदी, स्फोटांचे आराखडे, डंपरांचे भार, यंत्रांच्या देखभालीचा इतिहास, हे सगळं खाणीच्या मालकीचं आहे असं स्पष्ट लिहा. दर महिन्याला त्याची प्रत आपल्या संगणकावर उतरवून घ्या आणि ती उघडते का, ते त्याच दिवशी पाहा. एका खाणीवर जुना कंत्राटदार गेल्यानंतर आमच्या हाती आलेल्या फायली त्याच्याच सॉफ्टवेअरशिवाय उघडत नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी कुठल्या बेंचमध्ये न फुटलेली दारू राहून गेली होती, त्याची नोंद त्याच फायलींत होती. नव्या ड्रिलवाल्यांना आम्ही तो सगळा पट्टा महिनाभर बंद ठेवायला सांगितला, आणि आमचा सर्व्हेचा मुलगा जुन्या कागदी वह्या शोधून एकेक भोक नकाशावर पुन्हा मांडत बसला.